बाटली क्रमांक ५३-एन

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या लहानशा गावी १०७ माणसांना प्लेगप्रतिबंधक लस टोचण्यात आली. हे गाव त्या काळी गुजरात जिल्ह्यात मोडत असे. हा गुजरात म्हणजे आपला गुजरात प्रांत नव्हे. पंजाबातील त्याच नावाचा तो जिल्हा आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी लशीच्या पाच बाटल्या उघडण्यात आल्या. चार बाटल्यांतील लस ज्यांना मिळाली त्यांना काहीही अपाय झाला नाही. पाचव्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता. तिच्यातील लस १९ जणांना मिळाली होती. आठवडाभरात त्यांच्यात धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते एकोणीसही जण दगावले.

लस मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून आली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख होते वाल्डेमार हाफकिन. ज्यांच्या नावाची संस्था आजही परळला उभी आहे, तेच हे हाफकिन. मलकोवालच्या घटनेनंतर चौकशी झाली, दोष त्यांच्या माथी आला आणि त्यांना पद सोडावे लागले. हा निर्णय चुकीचा होता हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. विज्ञानातील पुनःपडताळणी, पारदर्शकता आणि सचोटी यांविषयी हल्ली पुष्कळ बोलले जाते. हे शब्द कोरडे व परके वाटतात. परंतु शंभर वर्षांपूर्वी आपल्याच परिसरात त्यांची फार कठोर परीक्षा झाली होती, आणि त्या परीक्षेतील एक महत्त्वाचा प्रयोग तर बडोद्याच्या वेशीवरच पार पडला होता. म्हणूनच हा विषय आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

प्रारंभ १८९६ च्या भाद्रपद-आश्विनाचा. मुंबईच्या मांडवी भागात विचित्र तापाने माणसे पटापट मरू लागली. हा गाठीचा प्लेग आहे असे निदान प्रथम केले ते डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे. त्यांचे निदान एकट्याच्या शब्दावर स्वीकारले गेले नाही. इतर तज्ज्ञांनी ते तपासून पाहिले व त्यास दुजोरा दिला. त्यासाठी ज्यांना बोलावले गेले त्यांत हाफकिन होते. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीवरील लशीचे काम करून १८९३ मध्ये भारतात आला होता. ती लस त्याने १८९२ च्या जुलैत प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो मुंबईस पोहोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला, एक कारकून व तीन शिपाई मिळाले; एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्याने आधी स्वतःलाच टोचून घेतली.

ही लस बनविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागे. हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही भावना दुखावू नयेत म्हणून हाफकिन यांनी बोकडाचे मांस वापरले. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले जात. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीच्या लोंबत्या धारा तयार होत. गुहेच्या छताला खनिजाचे सुळके लोंबतात तशा त्या दिसत. मधूनमधून चंबू हलविला की धारा तळाशी बसत व नव्या वाढू लागत. काही आठवड्यांनी उष्णता देऊन जंतू मारले जात आणि शेवटी थोडे कार्बॉलिक आम्ल मिसळून ती लस बाटल्यांत भरली जाई. हा तपशील आम्ही मुद्दाम दिला आहे. अर्क शिजविणारा, चंबू हलविणारा, बाटली भरणारा, बूच लावणारा, पेटी रेल्वेत चढविणारा, दूरच्या खेड्यात बूच काढणारा व अखेर सुई टोचणारा अशी ती माणसांची साखळी होती. त्यांतील बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेही नव्हते. आज ज्याला सहयोगी संशोधन म्हणतात ते याहून निराळे नसते.

लस झाली, पण तिचा गुण लोकांना कसा पटावा? जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस देण्यात आली, उरलेल्यांना दिली नाही. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला व कोणीही मेले नाही. बंदिवानाच्या स्वेच्छेला स्वेच्छा म्हणावे काय, हा प्रश्न आज विचारला पाहिजे, आणि तो विचारणे योग्यच आहे. मात्र तुलनेचा पाया तेथे पक्का होता: अन्न एक, पाणी एक, भिंती त्याच, आणि कोण आत व कोण बाहेर याची नोंद तुरुंगाच्या दप्तरात रोजच्या रोज होत असे. शहरात असे नव्हते. प्लेग आला की लोक घरेदारे सोडून रानात झोपड्या बांधून राहत. टोचलेले किती, हे वहीवरून कळे. परंतु न टोचलेले किती उरले, हे अंदाजानेच धरावे लागे. अंदाज चुकला की सारे प्रमाणच चुके. भारत सरकारने १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगाने लशीचा उपयोग मान्य केला. तथापि अशा आकड्यांतील ढिलेपणावर आणि लशीची मात्रा सर्वत्र सारखी नसण्यावर बोटही ठेवले.

या पार्श्वभूमीवर उंढेऱ्याच्या प्रयोगाचे मोल कळते. उंढेरा हे त्या वेळच्या बडोदे संस्थानातील, शहरापासून सुमारे सहा मैलांवरचे गाव. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे साथ चालू असतानाच टोचणी झाली. एका आळीला लस आणि दुसऱ्या आळीला नाही, असे केले असते तर सोपे झाले असते. तसे न करता प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग पाडले गेले. स्त्री-पुरुष, म्हातारे-तरुण, सशक्त-अशक्त असे दोन्ही भागांत शक्य तितके सारखे यावेत असा प्रयत्न केला आणि त्यांपैकी एका भागाला लस दिली. साथ ओसरल्यावर घरोघर जाऊन हिशेब घेण्यात आला. ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला होता, त्यांत न टोचलेली माणसे ६४ होती. त्यांतील २७ आजारी पडली व २६ मेली. टोचलेली माणसे ७१ होती. त्यांतील ८ आजारी पडली व ३ मेली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून कागद-पेन्सिल घ्यावी. ६४ मध्ये २६, तर त्याच प्रमाणात ७१ मध्ये किती? उत्तर येते सुमारे २९. प्रत्यक्षात मेली ३. म्हणजे मृत्यूंत सुमारे ९० टक्के घट झाली. हा हिशेब आज, सव्वाशे वर्षांनंतर, कोणीही माध्यमिक शाळेचा विद्यार्थी करू शकतो. त्यासाठी हाफकिन यांच्या कीर्तीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही, आमच्यावर तर नाहीच नाही. मूळ संख्या, दोन्ही बाजूंच्या, छापून ठेवल्या आहेत. पुनःपडताळणी या जड शब्दाचा अर्थ याहून वेगळा नाही. अजून एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या आठ आजाऱ्यांचा आणि तीन मृतांचा उल्लेख प्रयोगकर्त्यांनी टाळलेला नाही. लस घेऊनही तीन माणसे गेली, हे लिहिल्यामुळेच उरलेल्या आकड्यांवर विश्वास बसतो. आजच्या कसोटीला हा प्रयोग पूर्णतः उतरणार नाही. कोणाला लस द्यावी हे चिठ्ठ्या टाकून ठरविले नव्हते आणि संख्याही लहान होत्या. परंतु या उणिवा आपल्याला दिसतात, त्या त्यांनी आपली रीत उघड सांगितली म्हणूनच दिसतात.

पुढे कामाचा व्याप वाढला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९०२ मध्ये पंजाब सरकारने टोचणीची प्रचंड मोहीम आखली आणि लशीची मागणी एकाएकी वाढली. अर्काऐवजी पाणी व आगर यांवर जंतू वाढविले तर लस लवकर तयार होते, म्हणून हाफकिन यांनी ती नवी रीत घेतली आणि तीत कार्बॉलिक आम्ल वगळले. उष्णतेने निर्जंतुक करण्यावर ती विसंबलेली होती व पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तिचा अनुभव घेतला गेला होता. याच रीतीने तयार झालेली ५३-एन ही बाटली भरल्यापासून ४१ दिवसांनी मलकोवालला उघडली गेली.

चौकशीसाठी मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बॉलिक आम्ल वगळणे हा त्या निष्कर्षाचा मुख्य आधार होता. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले व १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनच्या लिस्टर संस्थेकडे हे प्रकरण अभिप्रायासाठी गेले. तरीही निर्णय बदलला नाही. अहवाल आणि साक्षी यांचे संपूर्ण कागद तीन वर्षांहून अधिक काळ सरकारी दप्तरात राहिले.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत उभी हयात घालविली आहे. चौकशीच्या फायली आमच्या हातून गेल्या आहेत. काही आम्ही स्वतः लिहिल्या आहेत. त्या अनुभवावरून एक गोष्ट सांगतो. चौकशी करणारा बहुधा दुष्ट नसतो. तो घाईत असतो. त्याच्यापुढे एका बाजूला भरपूर कागद असतात आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसते. ज्याच्याकडे नोंदी असतात, त्याच्या नोंदींतच खोट सापडते. ज्याने काही लिहूनच ठेवले नाही, त्याची खोट दिसणार कशी? परळला प्रत्येक बाटलीचा क्रमांक होता, ती केव्हा भरली हे ठाऊक होते, रीत बदलल्याचे कागद होते. मलकोवालच्या मांडवात त्या सकाळी काय काय घडले, हे केवळ माणसांच्या आठवणीत होते. साहजिकच संशयाची सुई नोंदींच्या बाजूला वळली. आमच्या एका जुन्या चौकशीत आम्हीही असेच केले होते. ज्या कर्मचाऱ्याची वही नीटनेटकी होती, त्याच्यावरच ठपका ठेवला गेला. वही न ठेवणारा सुटला. हे आम्हाला उमगले तेव्हा तो कर्मचारी निवृत्त झालेला होता.

हाफकिन यांच्या प्रकरणात कागद अखेर बाहेर आले. १९०६ च्या अखेरीस अहवाल साक्षींसह प्रसिद्ध झाला आणि प्रथमच तो इतरांना वाचता आला. वाचणाऱ्यांत रोनाल्ड रॉस होते. १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाच्या परोपजीवीचा माग काढणारे आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे हेच ते रॉस. आयोगाच्या निष्कर्षाकडे न पाहता त्यांनी साक्षी वाचल्या. त्यांत दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या. पहिली अशी की बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात, हे त्या काळीही सर्वज्ञात होते. दुसरी अशी की बाटली उघडताना डॉक्टरांनी तिचा वास घेतला होता आणि वाईट वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत ४१ दिवस वाढले असते, तर ती दुर्गंधी लपली नसती. दोन्ही साक्षी आयोगापुढेच झालेल्या होत्या. नवा पुरावा एकही लागला नाही. तोच कागद दुसऱ्या डोळ्यांनी वाचला गेला, इतकेच.

मार्च १९०७ मध्ये रॉस यांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आले. २९ जुलै १९०७ रोजी त्याच पत्रात रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचे निवेदन प्रसिद्ध झाले आणि हाफकिन यांच्यावरील आरोप टिकत नाही असे त्यांनी साधार सांगितले. पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाले. वर्ष संपण्यापूर्वी सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत बोलावले. तोवर परळची जागा भरली गेली होती, म्हणून त्यांना कलकत्त्यास जावे लागले. पूर्वीसारखे काम त्यांच्या हातून पुढे झाले नाही. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये दिले गेले आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचा मृत्यू झाला. सन्मान मिळाला खरा, पण उमेदीची ऐन वर्षे परत मिळाली नाहीत.

येथे एका गोष्टीचे भान ठेवले पाहिजे. हाफकिन निर्दोष ठरले म्हणजे सारा दोष त्या चिमटा पाडणाऱ्या मदतनिसावर लोटून मोकळे व्हावे, असे नाही. तसे करणे म्हणजे जुनाच अन्याय अधिक दुबळ्या माणसावर करणे होय. दिवसाला शेकडो माणसे टोचायची, हाताशी माणसे थोडी, मांडव उघड्यावर, जमीन मातीची. अशा ठिकाणी चिमटा कधी ना कधी पडणारच. पडला तर काय करायचे याची सक्त शिस्त हवी होती, आणि पडला हे त्याच क्षणी सांगण्याची व लिहिण्याची मुभा हवी होती. चूक सांगितल्यास नोकरी जाईल अशी भीती असेल तेथे चूक वहीत उतरत नाही. ती आठवडाभराने रोग्याच्या शरीरात उतरते. पारदर्शकतेचा भार केवळ वरच्या शास्त्रज्ञावर टाकून चालत नाही. साखळीच्या शेवटच्या माणसालाही निर्भयपणे लिहिता आले पाहिजे.

आज साखळ्या कितीतरी लांब झाल्या आहेत. एका शोधनिबंधावर शेकडो नावे असतात आणि त्यांतील अनेकांनी मूळ सामग्री पाहिलेली नसते. २०१५ मध्ये जगभरच्या सुमारे २७० संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत ठळक परिणाम सापडल्याचे लिहिले होते. पुन्हा केल्यावर तो केवळ ३६ टक्क्यांत सापडला. याचा अर्थ उरलेले सारे लबाड होते असा होत नाही. हवे ते आकडे पुढे करणे, नको ते कपाटात ठेवणे, निष्कर्ष हाती आल्यावर प्रश्न बदलणे, हे सारे माणूस नकळतही करतो. म्हणूनच औषधांच्या चाचण्या आधी जाहीर नोंदवाव्यात अशी व्यवस्था झाली. आपल्या देशात अशी नोंदवही जुलै २००७ मध्ये उघडली गेली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. काय करणार आहोत हे आधी लिहायचे, म्हणजे नंतर सोयीस्कर विसर पडत नाही. उंढेऱ्यात घराघराची विभागणी टोचणीआधीच झाली होती. तत्त्व तेच आहे.

या इतिहासातून आम्ही एवढेच शिकलो की सचोटी ही माणसाच्या अंगी असते, पण तिचा पुरावा कागदावर असावा लागतो, आणि तो कागद दुसऱ्याला वाचता यावा लागतो. हाफकिन १९०२ मध्ये जितके प्रामाणिक होते तितकेच १९०७ मध्येही होते. मधल्या काळात बदलले ते एवढेच की दप्तर उघडले गेले. मलकोवालच्या एकोणीस जणांची नावे आज आपल्यापैकी कोणालाही आठवत नाहीत. उंढेऱ्यात लस घेऊनही गेलेल्या त्या तिघांचीही नाहीत. परंतु ते तीन आकड्यांत मोजले गेले, लपविले गेले नाहीत, आणि त्या प्रामाणिक तिनाच्या जोरावर पुढे लाखो माणसांनी निर्धास्तपणे दंड पुढे केला. बडोद्याच्या वेशीवरील त्या गावाचे हे ऋण आपल्या स्मरणात असावे, यासाठी हा लेखनप्रपंच.